स्कोअर किती, हे विचारण्याआधी

‘टाइम स्पायला माझा साडेदहा हजार देतो. तुझा?’ छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर सुपारी हनुमानाच्या आसपास गाडी लावायला जागा शोधताना दोन हौशी मित्र बोलू लागले, की विषय टाइम स्पाय या ग्राफिकच्या कसोटीतल्या स्कोअरवर यायला वेळ लागत नाही. एकाने गेल्या दिवाळीत पीसी असेंबल करून घेतलेला असतो, दुसऱ्याच्या खिशात कोटेशनची घडी असते. प्रोसेसर कोणता, ग्राफिक कार्ड किती जीबीचं, कॅबिनेटला पंखे किती, अशी यादी शेजारी शेजारी लावली जाते. ज्याचा आकडा मोठा त्याचा पीसी भारी, असा निकाल उभ्या उभ्याच लागतो.

हा निकाल पुष्कळदा चुकतो, आणि त्याची किंमत कोटेशनवाला मोजतो, कारण तो त्याच निकालावर विसंबून घरच्यांकडून पैसे मागणार असतो. तोच प्रोसेसर आणि तेच कार्ड दोन घरांत वेगवेगळं वागतं. खोलीत उकाडा किती, भिंतीतल्या प्लगला वीज कशी येते, रॅमच्या पट्ट्या कशा बसवल्यात आणि मुळात पीसीवर काम काय करायचंय, हे कोटेशनवर कुठेच लिहिलेलं नसतं. तुलना खरी व्हायची असेल तर या गोष्टी आधी विचारात घ्याव्या लागतात.

जगातल्या सगळ्यात मोठ्या संगणकांची तुलनासुद्धा याच शिस्तीने होते. १९९३ पासून ‘टॉप ५००’ ही यादी वर्षातून दोनदा निघते. तिच्यात यंत्राच्या वर्णनावरून क्रमांक मिळत नाही. प्रत्येक यंत्राला समीकरणांचा एक प्रचंड संच सोडवावा लागतो, लिनपॅक नावाची ही कसोटी सगळ्यांना एकच असते आणि वेग तिच्यावर मोजला जातो. पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम युवा’ नोव्हेंबर २००८ च्या यादीत ६९ वा आला तो याच कसोटीवर. त्या यादीत दोन रकाने असतात. एकात यंत्राचा कागदोपत्री वेग, दुसऱ्यात प्रत्यक्ष हाती आलेला वेग. दोन्हींत अंतर असतंच, आणि क्रम लावताना दुसराच धरतात. हौशी माणसाच्या पीसीलाही हे दोन रकाने लावावेत.

पहिल्या रकान्यातली सर्वांत मोठी फसगत नावांची. ‘आय-सेव्हन आहे, एसएसडी आहे, स्वस्तात मिळतोय’ असं सांगून जुने कार्यालयीन पीसी नव्या कॅबिनेटमध्ये घालून सर्रास विकले जातात. तिथे एकच प्रश्न विचारायचा: कोणत्या पिढीचा? चौथ्या पिढीचा आय-सेव्हन ४७७० हा २०१३ मधला प्रोसेसर. त्याचे चार कोअर, आठ थ्रेड. २०२२ च्या आय-थ्री १२१०० चेही चार कोअर आणि आठ थ्रेडच आहेत, पण तो त्या जुन्या आय-सेव्हनला जवळपास प्रत्येक कामात मागे टाकतो. शिवाय विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचे प्रोसेसर धरलेत. म्हणजे ‘आय-सेव्हन’ म्हणून घरी आलेला पीसी पहिल्याच दिवशी मुदतबाह्य असतो.

ग्राफिक कार्डांत तर एकाच नावाखाली दोन वेगळे माल निघाले आहेत. एनव्हिडियाचं जीटी १०३० हे कार्ड आधी जीडीडीआर-५ मेमरीसह आलं. २०१८ मध्ये त्याच नावाने साध्या डीडीआर-४ मेमरीचं आलं. पहिल्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी माहिती वाहते, दुसऱ्याची १७ जीबीसुद्धा नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात नाव तेच. आरटीएक्स ३०६० चंही असंच आहे. १२ जीबीचं आणि ८ जीबीचं ही एकाच कार्डाची मोठी-धाकटी रूपं वाटतात, पण ८ जीबीवाल्याचा मेमरीचा रस्ताच १९२ ऐवजी १२८ बिटांचा आहे, त्यामुळे ते गेममध्ये स्पष्ट मागे पडतं. एएमडीच्या रायझन ५ ५५०० आणि ५६०० या दोन्ही प्रोसेसरांना सहा-सहा कोअर आहेत, पण ५५०० ला कॅश अर्धीच, १६ एमबी, आणि पीसीआय एक्स्प्रेसची जुनी तिसरी पिढी. त्याच्या जोडीला कोणी आरएक्स ६५०० एक्सटी बसवलं, तर चारच लेनवर चालणारं ते कार्ड तिसऱ्या पिढीच्या रस्त्यावर आणखी मंदावतं. म्हणून यादी ताडताना पूर्ण नाव लिहावं: मालिका, क्रमांक, शेवटचं अक्षर, मेमरी किती आणि कोणती. ‘आय-फाइव्ह, १६ जीबी, ८ जीबी कार्ड’ एवढ्या वर्णनावर तुलना करायला बसूच नये.

शेवटच्या अक्षरावर जरा थांबायला हवं, कारण या शहरात त्याचा थेट धंद्याशी संबंध येतो. बस्त्यासाठी गुलमंडी आणि टिळक पथ गाठणाऱ्या कुटुंबांच्या मागोमाग फोटोग्राफर येतात, आणि लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करणारे तरुण घरच्या घरी पीसी बांधतात. त्यांना हमखास आय-फाइव्ह १२४००एफ सुचवला जातो, कारण १२४०० पेक्षा तो थोडा स्वस्त पडतो आणि गेममध्ये दोघांत फरक नाही. पण ‘एफ’ म्हणजे प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक बंद. त्या ग्राफिकसोबत क्विक सिंक हा व्हिडिओ उलगडणारा भागही जातो. आजचे बरेच कॅमेरे एचईव्हीसी प्रकारात १० बिट ४:२:२ असं चित्रीकरण करतात. हे फुटेज इंटेलचं ११ व्या पिढीपासूनचं अंगचं ग्राफिक हार्डवेअरवर उलगडतं. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय आली ती २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून. म्हणजे १२४००एफ आणि आरटीएक्स ४०६० ची जोडी गेमच्या स्कोअरमध्ये मान ताठ ठेवेल, पण हळदीच्या फुटेजवर टाइमलाइन अडखळत सरकेल. त्याच कार्डासोबत साधा १२४०० घेतलेला शेजारचा पीसी ते फुटेज सुरळीत चालवेल. चार आकडी बचत करून रोजचे दोन तास घालवणं हा सौदा एडिटरला परवडत नाही.

काम बदललं की निकाल असा बदलतो, हे एकदा पटलं की पुढचं सोपं जातं. वाळूजच्या कारखान्यांसाठी सुट्या भागांची ड्रॉइंग करणाऱ्याला सॉलिडवर्क्समध्ये एका कोअरचा वेग जास्त उपयोगी. सोळा कोअर घेतले तरी मॉडेल पुन्हा बांधताना बहुतेक कोअर बसून राहतात. ब्लेंडरमध्ये रेंडर करणाऱ्याचं उलट. व्हॅलोरंट खेळणाऱ्याला प्रोसेसर महत्त्वाचा, सायबरपंक २०७७ खेळणाऱ्याला कार्ड. दुकानात टॅलीवर हिशोब ठेवणाऱ्याला मात्र या सगळ्यातलं काही नको. चांगली एसएसडी, नियमित बॅकअप आणि भरवशाचा यूपीएस एवढ्यावर त्याचं भागतं. त्याच्या गळ्यात गेमिंगचा पीसी घालणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आता दुसरा रकाना, प्रत्यक्ष मोजणीचा. दोन-चार मित्रांनी आपापले पीसी एकदा मोजून घ्यायचे ठरवले तर एक संध्याकाळ पुरते. सॉफ्टवेअरची आवृत्ती सगळ्यांकडे तीच हवी, ही पहिली अट. मॅक्सॉनचं सिनेबेंच मोफत मिळतं, पण २०२० च्या आर२३ आवृत्तीत पाच आकडी स्कोअर देणारा साधा प्रोसेसर सिनेबेंच २०२४ मध्ये तीन आकड्यांवर येतो, कारण मोजपट्टीच बदलली आहे. दोघांनी दोन आवृत्त्या चालवून भांडण्यात अर्थ नाही. आर२३ मध्ये एक फेरी मारून थांबू नये, दहा मिनिटांची सलग कसोटी लावावी. पहिल्या मिनिटाला प्रोसेसर थंड असतो आणि जोर दाखवतो; हीटसिंक तापल्यावर सातव्या-आठव्या मिनिटाला जो वेग टिकतो तो त्या पीसीचा खरा वेग. तीन वेळा चालवून मधला आकडा घ्यावा. ब्राउझर, अँटिव्हायरसचं स्कॅन, मागे चालू असलेलं डाउनलोड, सगळं बंद.

गेमची तुलना करताना ज्यांच्यात कसोटी अंगभूत आहे असे गेम निवडावेत. जीटीए-५ आणि सायबरपंक या दोन्हींत ती आहे. प्रत्येक वेळी साधारण तेच रस्ते आणि तीच दृश्यं पडद्यावर येतात. रिझोल्यूशन आणि सेटिंग जुळवून घ्यावी, आणि डीएलएसएस किंवा फ्रेम जनरेशन चालू आहे का ते पाहावं. एकाने फ्रेम जनरेशन चालू ठेवलं असेल तर त्याचा आकडा फुगलेला दिसतो. त्यातल्या काही फ्रेम गेमने काढलेल्या नसतात, कार्डाने मधल्या मध्ये भरलेल्या असतात.

सरासरी फ्रेमवर फार भर देऊ नये. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद. समजा दोन पीसींची सरासरी ९० च आली, पण सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग, ज्याला ‘वन पर्सेंट लो’ म्हणतात, एकाचा ७० आणि दुसऱ्याचा ३८ आला. कागदावर दोघे बरोबरीत आहेत. खेळताना मात्र दुसरा पीसी ऐन चकमकीत झटके देईल. हे झटके बहुधा अपुऱ्या रॅममुळे, भरून गेलेल्या ग्राफिक मेमरीमुळे किंवा थकलेल्या प्रोसेसरमुळे येतात. कॅपफ्रेमएक्स हे मोफत सॉफ्टवेअर हा आकडा काढून देतं. हौशी मंडळींच्या तुलनेत एकच आकडा ठेवायचा झाला, तर सरासरीआधी हा ठेवावा.

रॅमची तपासणी दोन मिनिटांची आहे, पण ती फार कमी जण करतात. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की वेग आणि भरलेल्या खाचांची संख्या दिसते. खोक्यावर ३२०० लिहिलेली डीडीआर-४ रॅम तिथे २१३३, २४०० किंवा २६६६ वर चाललेली पुष्कळदा सापडते, कारण असेंबल करताना रॅमला लिहिलेल्या वेगावर चालवणारं एक्सएमपी बायोसमध्ये चालू करायचं राहून गेलेलं असतं. डीडीआर-५ च्या एएमडी बोर्डांवर याच सोयीचं नाव एक्स्पो. दुसरी गोष्ट, १६ जीबीची एक पट्टी आणि ८ जीबीच्या दोन पट्ट्या या सारख्या नाहीत. ३२०० च्या एका पट्टीतून सेकंदाला २५.६ जीबी माहिती वाहते, दोन पट्ट्या दोन चॅनेलमध्ये बसवल्या की ५१.२ जीबी. वेगळं कार्ड न घेता रायझन ५ ५६००जी च्या अंगच्या ग्राफिकवर खेळणाऱ्याला हा फरक डोळ्यांनी दिसतो. दोन पीसींची तुलना ठरवण्याआधी दोन्हीकडे हे नीट करून घ्यावं. कित्येकदा तिथेच ‘हळू’ पीसी बरोबरीला येतो.

यानंतर येतो तो छत्रपती संभाजीनगरात कधीही वगळू नये असा भाग: तापमान.

मे महिन्यात शहराचा पारा चाळिशी ओलांडतो, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो दहा-बारा अंशांवर येतो. रंगार गल्ली, कुंभारवाडा, गुलमंडी या दाट वस्तीत वरच्या मजल्यावरची स्लॅब दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते. अशा खोलीतल्या पीसीचा प्रोसेसर ८४ अंशांवर गेला म्हणून कूलर वाईट ठरत नाही. खोलीचं तापमान वजा करून पाहावं. समजा एका मित्राने मेमध्ये मोजलं: खोली ३८, प्रोसेसर ८४, फरक ४६. दुसऱ्याने जानेवारीत मोजलं: खोली २०, प्रोसेसर ७०, फरक ५०. आकडा चौदा अंशांनी कमी दिसतो तो दुसऱ्याचा, पण उष्णता बाहेर टाकण्यात सरस आहे पहिल्याचा पीसी. दुसऱ्याने तोच पीसी मेमध्ये पहिल्याच्या खोलीत चालवला तर तो ८८ च्या घरात जाईल. मुंबई-पुण्यात एसी खोलीत केलेल्या मोजण्या पाहून इथला कूलर निवडणाऱ्याने ही वजाबाकी आधी करावी. पीसीजवळ एक साधा थर्मामीटर ठेवावा आणि प्रत्येक स्कोअरसमोर खोलीचं तापमान लिहावं. एचडब्ल्यू-इन्फो हे सॉफ्टवेअर प्रोसेसर, कार्ड आणि एसएसडीचं तापमान दाखवतं. मर्यादाही माहीत असाव्यात: रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९५ अंश, इंटेलच्या १२४०० ची १००. मर्यादेला टेकल्यावर प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, आणि स्कोअर तिथेच गळतो.

कॅबिनेट निवडताना समोरून काच असलेली, रंगीत दिव्यांची कॅबिनेट खूप भुरळ घालतात. इथल्या हवेत जाळीचा पुढचा भाग असलेलीच घ्यावी, असं स्पष्ट सांगावंसं वाटतं. जुन्या वाड्यात पुढच्या दारातून आलेला वारा चौकातून जाऊन परसदारातून निघतो, तशीच हवा कॅबिनेटमध्ये पुढून येऊन मागून आणि वरून निघायला हवी. पुढचं दार काचेनं बंद केलं तर मागे कितीही पंखे लावून उपयोग नाही. पीसी आधीच घेतला असेल तर त्याची परीक्षा सोपी आहे. मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा उतरवावा आणि तीच दहा मिनिटांची कसोटी पुन्हा चालवावी. तापमान दोन-तीन अंशांनी उतरलं तर कॅबिनेट ठीक. आठ-दहा अंशांनी उतरलं तर कॅबिनेट श्वास कोंडतंय. महागडा कूलर घेण्याआधी पुढचे पंखे, जाळी आणि केबलींचा गुंता बघावा. धुळीची जाळी दर पंधरा दिवसांनी झाडावी. खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या थेट झोतात पीसी ठेवू नये. खोली गार होते हे खरं, पण पाण्याचे तुषार आणि दमट हवा बोर्डापर्यंत जाऊ देण्यात शहाणपण नाही.

विजेकडे हौशी तुलनेत सहसा कोणी बघत नाही. कोटेशनच्या शेवटच्या ओळीत ‘एसएमपीएस ४५० वॅट’ एवढंच असतं आणि पैसे कमी करायचे झाले की कात्री पहिल्यांदा तिथेच लागते. एसएमपीएसच्या अंगावरचा तक्ता वाचायला शिकावं. प्रोसेसर आणि कार्ड हे दोघेही १२ व्होल्टच्या ओळीवर जगतात. त्या ओळीसमोर १८ अँपिअर लिहिले असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅटच खऱ्या कामाचे; खोक्यावर ४५० लिहिलं असलं तरी. ‘८० प्लस’चा शिक्का चांगला, पण २००४ पासून चालत आलेलं ते प्रमाणपत्र वीज किती वाया जात नाही एवढंच सांगतं. जादा दाबापासून, शॉर्टपासून संरक्षण आहे की नाही याची हमी ते देत नाही. त्याची चाचणीही प्रयोगशाळेच्या २३ अंशांच्या आसपास होते. इथल्या मेमधल्या खोलीत एसएमपीएस चाळिशीची हवा ओढत असतो. म्हणून पूर्ण वॅटेज ४० किंवा ५० अंशांवर मिळेल असं ज्याचा उत्पादक लेखी सांगतो, तो एसएमपीएस घ्यावा.

यूपीएसचा हिशोब तर पीसी ठरवतानाच करायला हवा. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे. बहुतेकांवर बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलेलं असतं. आता दोन पीसी घेऊ. दोन्हींत आय-फाइव्ह १२४००एफ, ज्याचा कमाल वीजवापर ११७ वॅट. पहिल्यात ११५ वॅटचं आरटीएक्स ४०६०, दुसऱ्यात १७० वॅटचं आरटीएक्स ३०६०. बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी यांना ५० वॅट धरले तर पहिला २८२ आणि दुसरा ३३७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. एसएमपीएसमधली घट आणि ३० वॅटचा मॉनिटर मिळवला की प्लगला पहिला साडेतीनशेच्या आसपास आणि दुसरा चारशेच्या वर मागतो. पूर्ण भारावर असताना लाइट गेली तर ६०० व्हीएवर पहिला जेमतेम तग धरेल आणि दुसरा यूपीएससकट बसेल. दुसऱ्याला १००० ते ११०० व्हीएचा यूपीएस लागतो, आणि तो खर्च दुसऱ्याच्या कोटेशनमध्ये धरल्याशिवाय किंमतीची तुलना पूर्ण होत नाही. १२ जीबी मेमरीसाठी ३०६० घेणाऱ्याला त्याचा फायदा आहेच, विशेषतः ब्लेंडरसारख्या कामात. पण रोज पाच तास खेळणाऱ्याला कार्डांमधल्या ५५ वॅटच्या फरकापोटी वर्षाला शंभरेक युनिट जास्त भरावे लागतात, हेही त्याच पानावर लिहावं.

घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवणारे अनेक आहेत. लाइट जाताच पीसी रीस्टार्ट होतो आणि दोष एसएमपीएसवर येतो. चांगला एसएमपीएस वीज खंडित झाल्यावर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर साध्या मोडवर त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो. बहुतेक इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस मोड’चा खटका असतो, तो लावून पाहावा. नवा इन्व्हर्टर घेत असाल तर साइन वेव्हचाच घ्यावा.

आणि अर्थिंग. जुन्या वस्तीतल्या कित्येक घरांत तीन पिनांचा प्लग दिसतो, पण तिसऱ्या छिद्रामागे तार नसते किंवा ती कुठेच पोचत नाही. ओळखण्याची खूण अगदी जवळची आहे: पीसी चालू असताना कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लागलं की झिणझिण्या येतात, टेस्टर टेकवला तर दिवा मंद पेटतो. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर कॅबिनेट निम्म्या दाबावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. तो प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून माणूस वाचतो. पण एचडीएमआय केबल चालू स्थितीत लावता-काढताना पोर्ट जळू शकतो, आणि खरा बिघाड झाला तर वीज जायला वाट नसते. वायरमनला बोलावून मल्टिमीटरने फेज ते अर्थ २३० च्या जवळ आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत आहे का हे मोजून घ्यावं. झिणझिण्या घालवण्यासाठी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देणारे भेटतात. ते कदापि करू देऊ नये. न्यूट्रल तुटली तर पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतात. नवं कार्ड घेण्यासाठी पैसे साठवणाऱ्याच्या घरी अर्थिंग नसेल, तर पहिला खर्च अर्थिंगवर व्हावा.

किंमतीची तुलना एकाच दिवसाच्या कोटेशनांची करावी. कोटेशनवर तारीख हवी, १८ टक्के जीएसटी धरलाय की नाही ते हवं, विंडोजचा परवाना त्यात आहे की ‘टाकून देतो’ म्हणून सांगितलंय तेही हवं. परवान्याशिवायचं कोटेशन काही हजारांनी स्वस्त दिसणारच. सहा महिन्यांपूर्वी मित्राने दिलेली किंमत आज गैरलागू असू शकते: २०२५ च्या अखेरीस डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव काही महिन्यांत झपाट्याने चढले, आणि मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपला ग्राहक ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा ऑनलाइनचा भाव गावातल्या भावाशी ताडताना ने-आण, कुरिअर आणि भाग बिघडल्यावर तो कोण पाठवणार, हे धरावं. बिल पक्कं असावं आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल क्रमांक असावा. हे सगळं धरून फरक थोडाच उरत असेल, तर गावातल्या दुकानातून घेतलेलं बरं. जूनमध्ये बोर्ड बंद पडल्यावर ते कळतं.

पुढे किती वाढवता येईल, हाही तुलनेचा एक भाग. एएमडीच्या एएम-४ सॉकेटचे २०१७ मधले अनेक बोर्ड बायोस बदलून २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी चालवू शकतात. इंटेलचा एलजीए १७०० हा १४ व्या पिढीवर थांबला. आज एएम-५ घेणाऱ्याला पुढच्या प्रोसेसरांची वाट मोकळी आहे, पण त्यावर डीडीआर-५ रॅम सक्तीची, आणि ती सध्या महाग. तीन वर्षांत प्रोसेसर बदलणार नाही हे ज्याला पक्कं ठाऊक आहे, त्याने जुन्या सॉकेटवर पैसे वाचवायला हरकत नाही. इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीचा वरचा प्रोसेसर सेकंड-हँड मिळत असेल तर बोर्डाच्या बायोसची तारीख विचारावी. जादा व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर झिजत होते. इंटेलने २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावर मायक्रोकोडच्या दुरुस्त्या काढल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्तीआधी वर्षभर चालवलेल्या प्रोसेसरची झीज मात्र भरून येत नाही.

जुन्या ग्राफिक कार्डांचा बाजार मोहात पाडतो. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक कार्डांवरची मायनिंगची पद्धत सोडली आणि दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली; त्यातली काही अजून हात बदलत फिरतात. असं कार्ड विकणाऱ्याच्या पीसीत बसलेलं असतानाच बघावं. अर्धा तास भारावर चालवावं, तापमान आणि पंख्यांचा आवाज टिपावा, पडद्यावर रंगीत ठिपके येतात का पाहावं. मागच्या पट्टीवरचा सीरियल क्रमांक बिलाशी जुळवावा आणि त्या क्रमांकावर वॉरंटी किती शिल्लक आहे हे उत्पादकाकडून तपासून घ्यावं. विकणारा चालवून दाखवायला तयार नसेल, तर त्याच पैशांत येणारं एक पायरी खालचं नवं कार्ड वॉरंटीसह घ्यावं.